उशीखालचा ठोका

टोळीतली माणसं त्यांना तोंडावर मुकादम म्हणत आणि पाठीमागे सर्जन. पाठीमागचं नाव त्यांना ठाऊक होतं आणि, खरं सांगायचं तर, तोंडावरच्या नावापेक्षा तेच जास्त आवडायचं. जड सामान हलवणाऱ्यांची ही टोळी. लोखंडी कपाटं, तिजोऱ्या, छापखान्यातली यंत्रं, जिन्यात अडकून बसलेले सोफे, जे दुसऱ्या कुणाला हलत नाही ते हलवायचं. पद्धत जुनीच. सामानाला दोर बांधायचा, दोरातून जाड दांडा घालायचा, आणि तो खांद्यावर घेऊन दोघांनी नाहीतर चौघांनी उठायचं. मुकादम कायम पुढच्या टोकाला. ‘सावकाश, डावीकडे, पायरी आली’ हे त्यांनी आयुष्यात इतक्यांदा म्हटलं होतं की ते झोपेतही म्हणत, आणि बायको होती तोवर तीही बिचारी झोपेतच डावीकडे सरकत असे.

दांडा वर्षानुवर्षं एकाच जागी बसला की खांद्यावर मऊ गाठ येते. टोळीत तिला उशी म्हणायचे. नव्या गड्याला उशी आली की बाकीचे तिला टिचकी मारून बघत आणि म्हणत, ‘आता तू माणसात आलास.’ पण कधी कधी उशीत पाणी भरायचं. ती टम्म फुगायची, दांडा टेकला की कळ थेट मस्तकात जायची, आणि मग मुकादमांची सर्जरी सुरू व्हायची. पोती शिवायचा दाभण गॅसवर लालभडक करायचा, थंड होऊ द्यायचा, स्पिरिटचा बोळा फिरवायचा, अंगठ्याने गाठ दाबून धरायची आणि एकच टोचा. पिवळसर पाणी वाहून जायचं, गाठ बसायची, वर घट्ट पट्टी, आणि दुसऱ्या दिवशी गडी कामावर. एखादा तापाने फणफणायचा, नाही असं नाही. पण मग त्याच्या अंगातच मुळात दम नाही, असं ठरायचं. मुकादमांच्या हाताला गुण आहे, असं सगळे म्हणायचे. चारचौघांनी म्हटलं की माणसाला स्वतःलाही ते खरं वाटू लागतं. मुकादम काही जगावेगळे नव्हते.

त्यांचा जावईही ह्याच टोळीत होता. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. हा ग्रह मात्र सासऱ्याच्याच दांड्याच्या मागच्या टोकाला बांधलेला. टोळीतले झाडून सगळे त्याला जावईच म्हणत, त्यामुळे बिचाऱ्याला जावयाचा मान एकाकडूनही मिळाला नाही आणि थट्टा मात्र सगळ्यांकडून. तो ती हसून घ्यायचा. मुकादमांना मुलगा नव्हता. ह्याबद्दल ते कधी कुणाजवळ बोलले नाहीत. पण अरुंद जिन्यात, मागे वळून बघता येत नसताना, मागच्या टोकाला जावई आहे एवढं ठाऊक असलं की त्यांना भीती वाटत नसे. दुसरा कुणी असला की वाटायची.

त्या जावयाला गेल्या काही महिन्यांत उशी आली. सगळ्यांनी टिचक्या मारल्या. उशी येते ती खांद्याच्या माथ्यावर. ही जरा पुढे होती, गळ्याच्या हाडाच्या वर जी खळगी असते तिथे. मुकादमांच्या ते लक्षात आलं होतं. ‘दांडा वेडावाकडा धरतोस, म्हणून उशीपण वेडीवाकडी,’ ते म्हणाले आणि विषय संपला. लेकीचा मात्र संपला नाही. ती कपड्यांच्या कारखान्यात इस्त्रीवर होती, दिवसभर वाफेत उभी राहणारी, बोलायला कमी.

“बाबा, ह्यांचा खांदा एकदा डॉक्टरला दाखवू या.”

“घरात सर्जन असताना?” मुकादम म्हणाले. जावई खो खो हसला. लेक हसली नाही.

काल संध्याकाळी, लेक कामावर असताना, मुकादमांनी जावयाला आपल्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसवलं. गाठ दोन दिवसांत वाढली होती आणि उद्या एक तिजोरी उचलायची होती. त्यांनी गाठीवर अंगठा ठेवला. अंगठ्याखाली काहीतरी उडत होतं. मुकादमांचा हात थांबला. मग त्यांनी स्वतःला समजावलं की अंगठ्याला स्वतःचाही ठोका असतो, जोरात दाबलं की तोच लागतो. आजवर एकही उशी हाताला अशी जिवंत लागली नव्हती, हेही त्यांना कळत होतं. पण दाभण तापून थंड झाला होता, पोरगा शर्ट काढून विश्वासाने मान वळवून बसला होता, आणि हातात घेतलेलं काम खाली ठेवून ‘हे मला जमायचं नाही’ म्हणणं त्यांना ठाऊकच नव्हतं.

त्यांनी टोचलं. पाणी आलं नाही. रक्त आलं, आणि ते वाहिलं नाही, उडालं. गॅसमागच्या भिंतीच्या पांढऱ्या फरशीवर जाऊन पडलं, थांबलं, पुन्हा उडालं. मुकादमांनी हाताला लागला तो टॉवेल गाठीवर दाबला आणि अंगातला सगळा भार त्यावर टाकला. किती वेळ दाबून धरलं ते त्यांना सांगता आलं नसतं. शेवटी रक्त थांबलं. जावई पांढराफटक पडला होता.

“मामा,” तो म्हणाला, “पाण्याच्या जागी सरबत भरलं होतं वाटतं.”

मुकादमांनी फरशी पुसली. दोनदा पुसली. “तिला सांगू नकोस,” ते म्हणाले.

“मी कशाला सांगतोय? खांदा माझा, बायको माझी. दोन्हीकडून मार मलाच.”

आज दुपारी लेकीचा फोन आला. गाठ दुप्पट झालीय, लाल झालीय, आणि ह्यांचा उजवा हात गार लागतोय. मी ह्यांना इस्पितळात घेऊन आलेय, तुम्ही या. मुकादम त्या वेळी तिजोरीच्या पुढच्या टोकाला होते. त्यांनी भर रस्त्यात तिजोरी खाली ठेवायला लावली. असं त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं, आणि टोळी एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली.

इमर्जन्सीमध्ये दोन्ही बाजूंनी खाटा होत्या आणि खाटांमध्ये पडदे. कुणीतरी सारखं खोकत होतं. शेवटच्या खाटेवर जावई उशाला टेकून बसला होता आणि लेक त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरून चोळत होती. बोटांची टोकं मेणासारखी दिसत होती. मुकादम पायाशी उभे राहिले. लेकीने त्यांची बाही धरली आणि धरूनच ठेवली, लहानपणी गर्दीत धरायची तशी.

डॉक्टर म्हणजे एक सडपातळ, तरुण बाई होत्या. चष्मा डोक्यावर चढवलेला, आणि तो कुठे गेला म्हणून त्या खिसे चाचपत होत्या. लेकीने डोक्याकडे बोट दाखवलं. त्या हसल्या, चष्मा लावला, गाठ बघितली आणि हसू गेलं.

“लाल आहे, गरम आहे, दुखतेय. पू झाल्यासारखं दिसतंय. आणि ही बारीक खपली कसली? कुणी काही टोचलंय का इथे? घरी फोडायचा प्रयत्न वगैरे?”

जावयाने मुकादमांकडे बघितलंसुद्धा नाही.

“नाही मॅडम. दोर घासला असेल. आम्ही हमाल माणसं, काही ना काही लागतच असतं.”

मुकादम खाली बघत राहिले. फरशी इथेही पांढरीच होती.

“चिरा द्यायचाय का मॅडम? ट्रे तयार आहे,” ब्रदर म्हणाला. त्याने ट्रे आणून टेबलावर ठेवलासुद्धा. कापूस, सुई आणि कागदाच्या वेष्टनात एक पातं. त्या पात्याकडे बघताना मुकादमांना काल उडालेलं रक्त दिसलं. दाभणाच्या टोकाएवढ्या भोकातून एवढं उडालं, मग चिऱ्यातून किती? बोल, त्यांनी स्वतःला सांगितलं. आणि लगेच दुसरं मन म्हणालं, एवढ्या शिकलेल्या बाई आहेत, त्यांना कळल्याशिवाय राहील का? तू कशाला हात दाखवून अवलक्षण करतोस? लेकीची मूठ त्यांच्या बाहीवर होती. बोललं की ती मूठ सुटणार, एवढंच त्यांना पक्कं दिसत होतं.

डॉक्टरांनी ट्रे बाजूला सरकवला. “थांब. हा हात गार का पडलाय? ते मला खटकतंय. पू खांद्यात आणि बोटं पांढरी, हे जुळत नाही. सोनोग्राफीचं मशीन आण. गाठीच्या आत काय आहे ते बघितल्याशिवाय मी चिरत नाही.”

“ते तिकडे अपघातवाल्याच्या खाटेशी आहे.”

“मग थांबू या.”

थांबले. मुकादमांना वाटलं, मशीन येऊच नये. मग वाटलं, आत्ता, ह्या क्षणी यावं. जावई मात्र स्वभावाला जागला. “सोनोग्राफी?” तो लेकीला म्हणाला. “ती तर पोटाची करतात ना? माझ्या खांद्याला दिवस गेलेत की काय?” पलीकडचा खोकणारा माणूस खोकता खोकता हसला. लेकीने नवऱ्याच्या दंडावर हळूच चापट मारली, आणि तिचे डोळे भरून आले.

मशीन आलं. चाकांवरचं, कपाटाच्या एका खणाएवढं, वर छोटा पडदा. डॉक्टरांनी गाठीवर गार जेल ओतलं आणि हातातला चपटा प्रोब, जेमतेम टेकवल्यासारखा, खळगीत ठेवला. पडद्यावर राखाडी रेघा सरकल्या. मग मधोमध एक गोल आला, विहिरीत वाकून बघावं तसा काळा.

“काळं म्हणजे काय?” लेकीने विचारलं.

“काळं म्हणजे आत काहीतरी पातळ आहे.”

पातळ! मुकादमांच्या जिवात जीव आला. पाणीच आहे म्हणजे. आपली नेहमीचीच उशी आहे, काल एखादी वरवरची शीर मध्ये आली असेल, एवढंच. त्यांना हसू फुटायचंच बाकी होतं. आता ह्या बाई सुईने पाणी काढतील, जावई उठून बसेल, आणि पुढची दहा वर्षं टोळीत सांगायला एक गोष्ट होईल.

“पण पू असता तर आत गढूळ काहीतरी तरंगताना दिसलं असतं,” डॉक्टर स्वतःशीच पुटपुटल्या. “हे फारच स्वच्छ आहे.” आणि त्यांनी एक बटण दाबलं.

काळा गोल रंगांनी भरला. अर्धा लाल, अर्धा निळा, आणि ते दोन्ही एकमेकांभोवती गरगर फिरत होते. फिरायचे, मंदावायचे, आणि पुन्हा उसळून फिरायचे. लेकीला काही कळलं नाही. जावयालाही नाही. मुकादमांना कळलं. ती उसळी त्यांनी काल अंगठ्याखाली मोजली होती.

डॉक्टरांचा हात जागच्या जागी थिजला. मग त्यांनी अगदी हलकेच, झोपलेल्या मुलाच्या अंगावरून हात काढावा तसा, प्रोब उचलला.

“ब्रदर, ट्रे घेऊन जा. ह्या गाठीला कुणीही हात लावायचा नाही. तुम्ही हलायचं नाही. हसायचंही नाही.” त्यांचा आवाज शांत होता, पण मानेवरची शीर उडत होती, आणि मुकादम त्या शिरेने जास्त घाबरले. “ही गाठ नाही. हाताला रक्त नेणारी मोठी नळी आहे, ती फुगलीय. त्यातल्या रक्ताच्या बारीक गुठळ्या सुटून बोटांत अडकल्यात, म्हणून हात गार. मी चिरलं असतं तर...” त्या पुढे बोलल्या नाहीत.

लेक म्हणाली, “म्हणजे?”

“म्हणजे ऑपरेशन. पण आधी मला एक गोष्ट खरी कळली पाहिजे. नळीच्या बाहेर, ह्या बाजूला, रक्त साकळलेलं दिसतंय. कुणीच टोचलं नसेल तर मोठा स्कॅन करून, सगळी तयारी करून, उद्या सकाळी ऑपरेशन होईल. ते जास्त चांगलं. पण टोचलं असेल तर त्या भोकावर नुसती गुठळी बसलीय. ती कधीही सुटेल. मग उद्यापर्यंत थांबता येणार नाही, आत्ताच न्यावं लागेल. मी आता मोठ्या डॉक्टरांना फोन लावतेय. काय सांगू?”

“नाही टोचलं,” जावई म्हणाला. हसायचं नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा कुणा परक्याचा वाटत होता. “दोर घासला.”

मुकादमांनी त्याच्याकडे बघितलं. पोरगा सासऱ्याची अब्रू झाकायला जीव पणाला लावत होता. मागचं टोक त्याने अजून सोडलं नव्हतं.

“मी टोचलं,” मुकादम म्हणाले. आवाज फुटलाच नाही. त्यांनी खाकरून पुन्हा म्हटलं, “मी टोचलं, मॅडम. काल संध्याकाळी. दाभणाने. रक्त उडालं. भिंतीपर्यंत उडालं.”

बाहीवरची मूठ सुटली. लेक ओरडली नाही. रडली नाही. तिने फक्त हात काढून घेतला आणि तो नवऱ्याच्या गार हातावर ठेवला. मुकादमांना वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

डॉक्टर तोवर फोनवर बोलत होत्या. “हो सर, टोचलंय. कालच. नाही, थांबता येणार नाही.”

पुढचं सगळं भराभर झालं. खाट चाकांवर निघाली. दोन्ही बाजूंनी माणसं चालत होती आणि एकजण पुढे पळत दारं उघडत होता. वळणावर मुकादमांच्या तोंडून निघून गेलं, “सावकाश, डावीकडे.” कुणी ऐकलं नाही. दार बंद झालं.

बाहेर बाकडं होतं. लेक एका टोकाला बसली आणि मुकादम दुसऱ्या. मध्ये तिसरा माणूस मावेल एवढी जागा. आयुष्यभर त्यांनी जड वस्तू उचलल्या, पण ती मधली जागा काही त्यांना हलवता येईना. दार उघडलं की दोघंही उठायची. सिस्टर दुसऱ्याच कुणाला शोधत असायची. दोघंही पुन्हा बसायची. मुकादमांच्या डोक्यात आजवर टोचलेले सगळे खांदे एकामागून एक येत होते. प्रत्येक खांद्यात, कातड्याखाली काय होतं, ते त्यांनी कधी बघितलं होतं? एकदाही नाही. मोठ्या हिमतीचं काम म्हणून ते छाती फुगवून सांगत आले, आणि ती निव्वळ आंधळ्याची चाल होती. खड्डा आला नाही, इतकंच.

खिडक्यांतलं ऊन भिंतीवर वर सरकलं तेव्हा मोठे डॉक्टर बाहेर आले. टोपी काढून त्यांनी कपाळ पुसलं.

“जगलाय,” ते आधी म्हणाले. मग बाकीचं. मानेत जन्मापासून एक जादा बरगडी होती. वर दांडा, खाली ती बरगडी, मध्ये नळी वर्षानुवर्षं चेंगरत होती. नळीचा फुगलेला तुकडा काढून दुसरी नळी जोडलीय. मनगटाला नाडी परत आलीय. एकदोन बोटांची टोकं जातील कदाचित, ते आत्ता सांगता येणार नाही. खांद्यावर ओझं मात्र आता कधीच नाही.

लेकीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि मग ती रडली, हुंदके देऊन, सगळ्या लोकांसमोर. मुकादम बाकड्यावर आपल्या टोकाला बसून भिंतीला टेकले. सुटलो, असं त्यांना वाटलं. सगळ्यात वाईट होतं ते होऊन गेलं.

ती थांबली, बाकड्यावर बसली, डोळे पुसले, आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे वळली.

“बाबा, एक विचारू? टोचायच्या आधी हाताला काही लागलं होतं का? ठोका?”

डॉक्टरांनी हे विचारलं नव्हतं. जावयाला हे माहीत नव्हतं. जगात फक्त मुकादमांना आणि त्यांच्या अंगठ्याला ठाऊक होतं. नाही म्हटलं असतं तर ‘बाबांना कळलं नाही हो’ एवढ्यावर निभावलं असतं. चुकलेल्या माणसाला पोरी माफ करतात. कळून केलेल्याला करतात का, ते त्यांना माहीत नव्हतं. दिवसभरात ते घाबरले होते, पण इतके नाही.

“लागला होता,” ते म्हणाले. “मी म्हटलं, माझ्याच अंगठ्याचा असेल.”

लेकीने बंद दाराकडे तोंड फिरवलं. मुकादम वाट बघत होते. ती उठून जाईल, किंवा असं काही बोलेल की ते पुन्हा कधी पुसता येणार नाही.

“मलाही लागायचा,” ती म्हणाली.

“काय?”

“ठोका. रात्री ह्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं की कानात पडायचा. धाड, धाड. किती महिने ऐकतेय मी.” ती शब्द तोलून बोलत होती, जणू एकेक शब्द आधी स्वतःला सांगून बघत होती. “मला वाटायचं, काळीज आहे. छातीत असतं ते खांद्यात कसं ऐकू येईल, एवढंही माझ्या डोक्यात आलं नाही. मी कान लावून पडून राहायचे, बाबा. मला बरं वाटायचं. त्याने झोप लागायची मला.”

मुकादम बाकड्यावर तिच्या बाजूला सरकले. ती सरकली नाही. आतून हाक येईपर्यंत दोघं तशीच बसून होती.